चिकूखालचा पाचोळा

सेंद्रिय शेत बघायला गेलो आणि आधी आजूबाजूचा मुलूख पालथा घातला. सात डोंगर चढलो. खरं तर टेकडी एकच होती, पण पायांनी सात मोजल्या. परतताना माझी सावलीसुद्धा दर दहा पावलांवर बसून घेत होती.

शेताच्या मालकीण हौसाक्का भाकऱ्या थापत होत्या. जेवणाआधी थोडा हातभार लावावा म्हणून मी खराटा घेतला आणि त्यांच्या चिकूखालचा सगळा पाचोळा झाडून काढला. जमीन अशी लख्ख केली की मुंग्यांचेही पाय घसरावेत!

हौसाक्का बाहेर आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं पाव्हणं, काय केलंसा ह्ये? तीन वर्सं झाकून ठिवलीया मी ही माती. ऊन लागलं तर गांडुळं मरत्याल की!"

मी टोपली उचलली. पाचोळा परत पसरताना पाहिलं, उघडी पडलेली काळी, ओलसर माती कडेनं पांढुरकी व्हायला लागली होती. मीही जन्मभर हेच केलं. एखादी रिकामी दुपार अंगावर पडली की लगेच काहीतरी काम काढून ती झाडून काढली. मग आतून वाळत गेलो, यात नवल ते काय?

शेवटची टोपली ओतली आणि तिथंच आडवा झालो. एक पान पोटावर पडलं. सवयीनं हात ते झटकायला गेला.

"हात लावू नगा," हौसाक्का ओरडल्या. "झाकू द्या की जरा!"

मी हात खाली ठेवला.