सांगलीच्या प्रदर्शनात आमची खिंड

सांगलीच्या छंद-प्रदर्शनात आपला खेळ मांडू, असं मी बोलून बसलो आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. खेळ म्हणजे टेबलावरची लढाई. बोटाएवढे रंगवलेले सैनिक टेपनं मोजून पुढं सरकवायचे, फासे टाकून लढायचं. आमच्या खिंडीच्या लढाईला सहा जण लागतात आणि साताऱ्यात उरलो तीन: मी, विकास आणि मनीषा. बाकीचे नोकरीपायी पुण्याला गेले. म्हणून ठरवलं, सांगलीत आणखी तिघं बसले तर ठीक, नाहीतर सगळं सैन्य विकून मोकळं व्हायचं. ठरवताना मोठा शूर होतो मी.

डोंगर आम्ही दिवाळीच्या किल्ल्यासारखा खऱ्या मातीचा केला, फळीवर. गवतासाठी हळीव पेरले. उगवलेच नाहीत तर काय, या धास्तीनं मी ते फार लवकर पेरले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. मनीषा म्हणत होती, जरा दमानं घे. मी कुठला ऐकतोय!

शनिवारी पहाटेच टेम्पोनं निघालो. कराडपर्यंत हायवेचं काम चालू आहे, वळणं फार, तेव्हा नाजूक सामान असेल तर हातात वेळ ठेवाच. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली. पेठ नाक्याला मिसळ छान मिळाली म्हणे. मी गाडीपाशीच राखणीला उभा होतो. आष्ट्यावरून सांगलीत शिरलो तेव्हा ऊन चढलं होतं. हॉलच्या मागच्या दारानं गाडी आत घेता येते, पुढच्या बाजूला पार्किंगच्या नादी लागू नका.

फळीवरचं झाकण काढलं आणि बघतो तर काय! गवत वीतभर वाढून आडवं पडलेलं. सैनिक मांडले तर टोपीसुद्धा दिसेना. आणि आमचा मुख्य नियमच असा, की समोरचा सैनिक दिसला तरच त्याच्यावर गोळी झाडायची. विकासला हसू आवरेना. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

मग मी मनीषाची कात्री घेऊन गवत कापायला बसलो. थोरला बाप्या मान वाकवून डोंगराची हजामत करतोय हे बघायला लोक जमले. त्यात तासगावचे एक निवृत्त सुभेदार होते. काय आहे, कसं खेळतात, सगळं त्यांनी विचारून घेतलं आणि माझा हात धरला.

"कापू नका. गवातात माणूस दिसत न्हाई, हेच तर लढाईत असतंय."

नियमात बसत नाही, मी म्हणालो. नियम कुणी केला, त्यांनी विचारलं. आम्हीच. मग बदला की, असं म्हणून ते खुर्ची ओढून बसलेच. शेजारी बोन्साय मांडलेल्या माधवनगरच्या सुनंदाताई आल्या, भावालाही ओढून घेऊन आल्या. सहा झाले. मला बरं वाटायला हवं होतं, पण आता हे मध्येच उठून गेले तर, ही धाकधूक सुरू झाली.

कुणी उठलं नाही. नवा नियम ठरला: गवतात लपलेल्या सैनिकाची जागा कागदावर खूण करून ठेवायची, जवळ कुणी आलं की त्याला उघडा करायचा. माझी एक तुकडी तर सुभेदारांनी बसल्या बसल्या गिळली. भडंग खात खात संध्याकाळ झाली, हॉल बंद करायला माणूस आला आणि खिंड अजून कुणाचीच नव्हती. आता हे सगळं मोडायचं, म्हणून मी जड मनानं पहिला सैनिक उचलला.

सुनंदाताई म्हणाल्या, "मोडताय कशाला? आमच्या यंत्रमागाच्या शेडात जागा हाय. हाय तसं उचला."

आम्ही सहा जणांनी फळी टेम्पोत चढवली. माधवनगरला शेडात नेऊन ठेवली, वर मच्छरदाणी टाकली आणि रिकाम्या गाडीनं साताऱ्याला परत आलो. पुढचा डाव पुढच्या रविवारी.

घरचं कपाट आता ओकंबोकं दिसतं. सैन्य विकलं असतं तरी ते असंच दिसलं असतं, आणि पहिले दोन दिवस मला अजिबात करमलं नाही. शेवटी सुनंदाताईंना फोन लावला, सगळं नीट आहे ना म्हणून. त्या म्हणाल्या, सुभेदार रोज तासगावहून एसटीनं येतात, खुर्ची टाकून नुसतं बघत बसतात, कशाला हात लावत नाहीत.

"लय इचार चाललाय त्यांचा," त्या म्हणाल्या. "तुमी हारताय बगा."

फोन ठेवला आणि टेप घेऊन जमिनीवरच खिंड आखायला बसलो. हा खेळ टिकेल का, याची काळजी मी वर्षानुवर्षं केली. हरण्याची काळजी पहिल्यांदाच करतोय.