अक्काचं कपाळ

मी तीस वर्षं एका बाईचं कुंकू पुसलं.

ती बाई आज पहाटे गेली. आमची इंदूअक्का.

तुम्ही तिला सिरियलमधली कडक सासू म्हणून ओळखता. मी तिची नाटकातली मेकअपवाली. सोलापुरातल्या हौशी नाटकांपासून तिच्या शेवटच्या नाटकापर्यंत मेकअपचा डबा माझाच.

अक्काच्या वाट्याला कायम विधवेचा रोल यायचा. डायरेक्टर म्हणायचे, चेहराच तसा आहे.

अण्णा, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे, "मी जित्ता हाय, हे कुणी तरी त्यास्नी सांगा की."

प्रयोगाआधी मी कापसाला खोबरेल लावून तिचं कुंकू पुसायची. ती डोळे मिटून बसायची.

आणि पडदा पडला की विंगेत अण्णा उभे.

त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. तिथनं तसेच आलेले. हात काळे, एक बोट तेवढं साबणानं घासून धुतलेलं. अक्का समोर जाऊन डोळे मिटायची, कपाळ पुढं करायची. ते कुंकू लावायचे. मगच चहा.

प्रयोग मंद्रूपला असो, करकंबला असो, हेच.

कधी स्टेजवरचा निळा लाईट बंद करायचा राहून जायचा. त्या उजेडात पावडरीचे कण हळूहळू खाली यायचे, आणि ती दोघं तिथंच उभी. मी डबा आवरायचं विसरून बघत राहायची. अजून स्वप्नात तेवढंच दिसतं.

एकदा मुंबईचा मोठा सिनेमा आला. रोल विधवेचाच. नेमके अण्णा तापानं झोपून.

"ते उठूदेत, मग येते," अक्कानं कळवलं.

सिनेमा कुणासाठी थांबतो होय? दुसरीनं केला, तिचं नाव झालं. अक्कानं पुन्हा तो विषय काढला नाही.

मग अण्णा गेले.

दोन महिन्यांनी इथंच, सोलापुरात प्रयोग होता. मी सवयीनं कापूस हातात घेतला.

"पुसायला काय हाय आता? ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

प्रयोग छान झाला. पडदा पडला. अक्का विंगेत आली आणि थांबली.

डोळे मिटले. कपाळ पुढं केलं.

समोर मी होते. करंडा माझ्या डब्यातच होता.

लावावं असं फार वाटलं. पण आजूबाजूला माणसं होती. लोक काय म्हणतील, म्हणून माझा हात उठला नाही.

"अक्का, चहा घे," मी म्हणाले.

तिनं डोळे उघडले. "व्हय. चल."

पुढं सिरियल आली. भरजरी साडी, कपाळभर कुंकू. एकदा अक्कानं तिथनं फोन केला.

"मंगल, हितं रोज कुंकू लावत्यात. पॅकअप झालं की मीच पुसते. पण लगेच न्हाय. जरा बसते तशीच."

मला माफी मागायची होती. मी विचारलं, जेवलीस का.

आज तिचा चेहरा मीच आवरला. केस विंचरले. करंडा उघडला तशी शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "अवो, त्यास्नी कसं चालंल?"

खोली भरलेली होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी लावलं.

अक्का, त्या दिवशी मी भ्याले गं. तू कपाळ पुढं केलंस आणि मी तुला चहा दिला.

माफ कर. सावकाश जा.

तुझी मंगल