गाडीतला लाल दिवा

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. गाडीचं हे होईपर्यंत, चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. हे लिहिलेलं कुणाला दाखवायचं नाही. पण गाडीचं जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहून ठेवते.

आमची गाडी जुनी, सात जणांची, आमच्याआधी दोन मालक बघितलेली. ती घ्यायला मी बायकांच्या बचत गटातून चाळीस हजार उचलले. आमचे हे रोज सकाळी गावातल्या सहा बायकांना कळंबच्या एका रिसॉर्टवर कामाला सोडतात आणि संध्याकाळी परत आणतात. त्या सहांत मी एक. चादरी धुणं आणि भांडी हे आमचं काम. रिसॉर्टवाले गाडीचे महिन्याला पैसे देतात, त्यातूनच गटाचा हप्ता जायचा. बाकीच्या पाचही जणी त्याच गटातल्या. म्हणजे ज्यांचे पैसे मी घेतले, त्या रोज मला खेटून बसायच्या.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी स्टेअरिंगच्या मागं बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. मी ह्यांच्या मागच्याच सीटवर, मला तो आधी दिसला. बोलावं की नाही या विचारात मी होते तेवढ्यात तो विझला. चार दिवसांनी तो परत लागला, सोबत दुसरे दोन दिवे लागले, हॉर्नचा आवाज बसला, आणि पुढच्या गतिरोधकावर गाडी बंद पडली. चावी फिरवली तर नुसतं टक्‌ व्हायचं.

"उतरा गं बायांनो, धक्का मारा," सगळ्यांत वयस्कर मावशी म्हणाल्या. "गटाची गाडी हाय, गटानंच ढकलायची."

सगळ्या हसल्या. मी खाली मान घालून ढकलत राहिले.

कर्जतच्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. त्यानं बॅटरी चार्ज करणारा डायनामो बदलला. त्या महिन्यात हप्ता गेला नाही, पुढच्याही नाही. वाईट म्हणजे गाडी त्याच्या दारात नेली की शहाण्यासारखी वागायची. तो म्हणायचा, "दिवा कुठाय? मला तर दिसत नाय." घरी परतताना दिवा लागायचा. ह्यांनी त्याला चोर म्हटलं. तो म्हणाला, "मग दुसरीकडं न्या."

रिसॉर्टच्या मॅनेजरनं ह्यांना सांगून टाकलं, "अजून एकदा उशीर झाला की दुसरी गाडी लावतो." गाडीचं काम गेलं तर हप्ते कुठून भरायचे? रात्री झोप लागेना. सकाळी गाडीत बसले की माझी नजर त्या दिव्याच्या जागेवर. बायका काय बोलतात ते ऐकूच यायचं नाही. इंजिनचा आवाज जरा बदलला तरी मी पुढं वाकून बघायची.

सासूबाईंनी सांगितलं होतं तसं मी गाडी आली तेव्हापासून दर अमावास्येला बोनेट उघडून पूजा करायची. हळदकुंकू, एक फूल, आणि नारळ फोडून त्याचं पाणी आत शिंपडायचं. दिवे लागायला लागले तसा मला धीर निघेना. मी शनिवारी पण पूजा सुरू केली. हळूहळू मंगळवारी पण.

तेव्हाच मी या वहीच्या मागच्या पानावर खुणा करायला लागले. कुणापाशी बोलता येत नाही, निदान लिहावं. दिवा कुठं लागला, रस्ता कसा होता, हेडलाइट चालू होती का. महिन्याभरानं पान बघितलं तर दोन गोष्टी कळल्या. दिवा खड्ड्यात किंवा गतिरोधकावर लागायचा. आणि गाडी बंद पडली की हे रागानं बोनेट उघडून आपटायचे, त्यानंतर ती चालायची. गॅरेजवालाही आधी बोनेटच उघडून आपटत होता, म्हणून त्याच्या दारात दिवा दिसायचा नाही.

खालापूरच्या बाजूला, चौक गावच्या रस्त्याला, गाड्यांचं वायरिंग करणारे एक म्हातारे बसतात असं कळलं. सोमवारी सुट्टी होती. हे म्हणाले, "तू पण चल. मला काय आठवत नाय, तुझ्या वहीत हाय."

मी वही म्हाताऱ्यांच्या हातात दिली आणि लांब उभी राहिले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"आपटल्यावर बरी होते. मग जोडणी सैल हाय, बॅटरीचा काय दोष नाय," ते म्हणाले. त्यांनी बॅटरीच्या काळ्या टोकाला एक जाड वायर धरली आणि दुसरं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. ह्यांना चावी फिरवायला सांगितली. गाडी लगेच सुरू झाली, दिवे विझले. वायर काढली, बोनेटच्या कडेला हातानं ठोकलं, तर दिवे परत लागले. पहिल्यांदाच तो दिवा दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या समोर लागला होता.

मग गाडी बंद करून त्यांनी बॅटरीची काळी वायर जिथं गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते तिथला बोल्ट खोलला. खाली हिरवट-पांढरा गंज, आणि त्यात लाल-पिवळा चिखल. त्यांनी तो बोटावर घेऊन हुंगला.

"पूजा कोण करतं हो?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, खोटं बोलावं. सासूबाई करतात म्हणावं. दोन हप्ते बुडाले, बॅटरी आणि डायनामो उगाच बदलले, एका माणसाला चोर म्हटलं, आणि सगळं माझ्या हातानं.

"मी," मी म्हणाले.

"किती येळा?"

"आठवड्यातनं दोनदा."

म्हातारे हसले नाहीत. "भक्ती करा ताई. पण नारळ चाकापाशी फोडा. आत पाणी गेलं की लोखंड खातं."

हे गाडीला टेकले. म्हणाले, "तरी म्हटलं, नारळ इतके संपतात कुठं." म्हाताऱ्यांनी जागा घासली, नवा बोल्ट लावला, वरून ग्रीस चोपडलं. घेतले फक्त दीडशे.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी सगळं सांगितलं. पैसे त्यांचे होते, त्यांना कळायला हवं होतं.

मावशी म्हणाल्या, "अगं, देवाला पाणी दाखवायचं सोडून बॅटरीलाच पाजलंस व्हय गं?" मागून कुणीतरी म्हणालं, "हसू नका, हप्ता मागा." तिचंही खरं होतं. मी म्हटलं, राहिलेले दोन शेवटाला जोडून भरीन.

पुढं कित्येक महिने मी खड्डा आला की डोळे मिटायची. दिवा लागला नाही. रिसॉर्टचं काम टिकलं. ह्यांनी कर्जतच्या गॅरेजवाल्याला जाऊन चूक सांगितली. तो म्हणाला, "बॅटरी तरी नवी झाली ना तुमची."

गेल्या आठवड्यात गटाच्या बैठकीत मी शेवटचे अठराशे रुपये गटाचा हिशेब ठेवणाऱ्या मावशींच्या हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि माझ्या नावापुढं लिहिलं, "बाकी काही नाही."