अण्णांच्या पेल्यात सोलकढी होती

अण्णा मयेकर दारू पीत नव्हते. आयुष्यात त्यांनी तिचा थेंब तोंडात घेतला नाही. एवढं साधं वाक्य एका माणसासमोर मला बोलायचं होतं. ते छातीठोकपणे सांगू शकेल असा मी एकटाच होतो, आणि मला थेट विचारलंही होतं. मी ते बोललो नाही. बरोबर उलट बोललो. चूक, घोडचूक, भीती… काय म्हणायचं ते म्हणा. मी त्याला पाप म्हणतो, आणि हे लिहिताना मला जितकी लाज वाटते आहे तितकाच संतापही येतो आहे.

अण्णा गेल्याची बातमी मला दुधाच्या केंद्रावर कळली. सकाळची रांग होती. पुढचा एकजण मागे वळून म्हणाला, "मयेकर गेले रात्री. हार्ट अटॅक." मी पिशवी हातात धरून तसाच उभा राहिलो. तोच माझ्या मागून आवाज आला, "हार्ट कसला? लिव्हर असणार. परमिट रूममध्ये पडीक असायचा माणूस. त्या मानानं बराच टिकला." दोघे-तिघे हसले. हे बोलणारे गृहस्थ घरचे पडदे ओढून रोज पितात. त्यांच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाला पोत्यात भरून नेताना सगळी कॉलनी बघते. पण ते घरात पितात ना, म्हणून ते सभ्य! आणि मेलेला माणूस अजून घरातच ठेवलेला असताना, ज्या जिभेनं गणपतीची आरती म्हणायची त्याच जिभेनं त्याच्या यकृताची चौकशी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मी गप्पच राहिलो. गप्प राहण्याची मला जुनी सवय आहे.

बेलापूरची वस्ती नवी होती तेव्हाची ही गोष्ट. इमारतींना रंग लागला होता, रस्ते व्हायचे होते, भाजीसाठीसुद्धा गावात जावं लागे. अण्णा आणि मी तळोज्याच्या एकाच कारखान्यात होतो. ते स्टोअरमध्ये, मी हिशेब खात्यात. वयानं ते माझ्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, आणि राहायला आमच्या शेजारच्या इमारतीत. संध्याकाळी कंपनीची बस आम्हाला नाक्यावर सोडायची. तिथून घरी जायच्या वाटेवर पांडूशेठची परमिट रूम होती. पांडूशेठ जवळच्या दिवाळे गावचा. वर पत्र्याची शेड, आत सनमायकाची टेबलं, भिंतीवर हिरवे-लाल दिवे, आणि मागच्या बाजूला त्याच्या बहिणीचं, हिराबाईचं, स्वयंपाकघर. खाडीवरून होडी आली की मासळी बाजारात जायच्या आधी हिराबाईच्या टोपलीत यायची. कुरकुरीत बोंबील, लसणाच्या फोडणीतल्या निवट्या, चिंबोरीचं लालभडक कालवण आणि तांदळाची भाकरी. दारू तिथे इतर कुठल्याही बारसारखीच मिळे. पण त्या कालवणासाठी वाशीहून स्कूटर मारत येणारी माणसं मी पाहिली आहेत.

अण्णा तिथे यायचे ते मासे खायला. फक्त मासे खायला! मालवणकडचा माणूस, आणि घरात मासळी बंद. मुलगी लहान असताना विषमज्वरानं हातातून जायची वेळ आली, तेव्हा वहिनींनी देवीला सांगितलं होतं की हिला वाचव, या चुलीवर पुन्हा मासळी चढणार नाही. मुलगी वाचली. वहिनींनी शब्द पाळला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही बाहेर खुशाल खा. नवस चुलीचा आहे, तुमच्या जिभेचा नाही." इतका समजूतदारपणा मी फार कमी घरांत पाहिला. आणि त्या वेळी आमच्या वस्तीत बाहेर मासे मिळायचे ते एकाच छपराखाली.

पांडूशेठला हे गिऱ्हाईक परवडत नसे. "दादूस, तू पीत नाय, नुसता जेवतस, नि टेबल अडवून बसतस," असं तो तोंडावर सांगे. आतून हिराबाई ओरडायची, "बसूं दे रं त्यांना. तुजी ही बाकीची गिऱ्हाइकं माज्या हातचं काय खातान त्यांचं त्यांना तरी कलतं का?" त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही पिणारे ताटात काय आहे ते न बघता गिळायचो. अण्णा मात्र काटा न् काटा वेगळा काढून, मान हलवत, सावकाश जेवायचे आणि हिराबाईनं वाटलेल्या खोबऱ्याची सोलकढी पेल्यातून प्यायचे. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी डिवचायचं, "अण्णा, आज कुठली? देशी की विलायती?" अण्णा पेला दिव्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "मालवणी. चढत नाही, पण उतरतही नाही." सगळी शेड हसायची.

मी पीत होतो. रोज, आणि बऱ्यापैकी. अण्णांनी मला कधी उपदेश केला नाही. फक्त स्वतःच्या ताटातला तुकडा माझ्यापुढे सरकवत म्हणायचे, "खा रे झिला. रिकाम्या पोटी घेऊ नको." आणि मला पेलवेनासं झालं की माझा दंड धरून मला घराच्या जिन्यापर्यंत आणायचे. मी अंगापिंडानं दांडगा, ते किडकिडीत. माझ्या ओझ्यानं त्यांचे पाय रस्त्यावर वाकडेतिकडे पडायचे. गॅलऱ्यांमध्ये उभ्या असलेल्या माणसांना दिसायचं ते एवढंच… दोघे परमिट रूममधून निघाले आहेत आणि झोकांड्या खात आहेत मयेकर.

आणि मी? घरी गेल्यावर बायकोनं, नीलिमानं, जाब विचारला की माझं उत्तर ठरलेलं असे. "अण्णांनी आग्रह केला. वडीलधारा माणूस, नाही कसं म्हणायचं?" पहिल्यांदा हे तोंडातून सहज गेलं. मग सोयीचं झालं. नीलिमाचा राग माझ्यावरून उठून अण्णांवर जाऊन बसला आणि मला घरात ऊन ऊन जेवण मिळत राहिलं. ती त्यांच्या घरी हळदीकुंकवाला जाईनाशी झाली. रस्त्यात अण्णा भेटले तर पदर सावरून दुसरीकडे बघायची. अण्णा बिचारे म्हणायचे, "तुझी बायको माझ्यावर कशाला रागावलीय रे?" मी म्हणायचो, "तिचा स्वभावच तसा आहे."

सुनंदाचं, म्हणजे त्या वाचलेल्या मुलीचं, लग्नाचं वय झालं. पनवेलचं एक चांगलं स्थळ आलं. मुलाला मुलगी पसंत होती. याद्या व्हायच्या आधी रीतीप्रमाणे चौकशी करायला मुलाचे मामा एका रविवारी माझ्याकडे आले. सरळ माणूस होता. चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "मुलीबद्दल प्रश्नच नाही. पण वडील रोज परमिट रूममध्ये असतात असं कानावर आलं. लोक काय, काहीही बोलतात. तुम्ही त्यांच्या रोजच्या बैठकीतले, म्हणून तुम्हालाच विचारतो. पितात का?"

स्वयंपाकघराच्या दारात नीलिमा उभी होती. खरं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं… पितो तो मी, आणि ते मला घरी आणून सोडतात. एका वाक्यात माझं तीन-चार वर्षांचं खोटं तिच्यासमोर उघडं पडलं असतं. मी मामांकडे पाहिलं आणि म्हणालो, "घेतात थोडी. पण माणूस सोन्यासारखा."

मामांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता.

स्थळ मोडलं. पुढे आणखी दोन आली, पण बातमी त्यांच्याआधी पोचलेली असायची. मला कुणी विचारायला येण्याचीही गरज उरली नाही. मला आजही राग येतो तो या 'चौकशी' नावाच्या प्रकाराचा. चार बाया गॅलरीतून बघतात, चार पुरुष रांगेत कुजबुजतात, पाचवा माझ्यासारखा भेकड शिक्कामोर्तब करतो, आणि एका घराचा निकाल लागतो. आरोपीला कुणी बोलावत नाही. त्या मामांनी पांडूशेठच्या शेडमध्ये एकदा डोकावून पेला हुंगला असता तरी भागलं असतं! पण सभ्य माणूस तिथे पाय कसा ठेवणार? बाहेर उभं राहून आतल्या माणसाची किंमत करायची, ही आपली सभ्यता.

अण्णांनी परमिट रूम सोडली. बसमधून उतरले की मान खाली घालून सरळ घरी जायचे. एकदा फक्त विचारलं, "पनवेलची माणसं तुझ्याकडे आली होती का रे?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी मान हलवली. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मासेही पुन्हा खाल्ले नाहीत. हिराबाईनं मला एकदा टेबलापाशी गाठलं. "तुमचं मयेकर कुठं हान? निवट्या आनल्यात त्यांच्यासाठी." मी म्हणालो, त्यांनी मासे सोडले. तिनं कंबरेवर हात ठेवले. "कोकनातल्या मानसानं मासं सोडलं? कोन मेला त्यांच्या घरात?" मी पेला संपवला आणि उठलो. मी पिणं सोडलं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी, आणि तेही पोटातल्या व्रणामुळे, डॉक्टरच्या धाकानं. पश्चात्तापानं सोडलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण आता आणखी खोटं नको.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी आधी नीलिमाला सांगितलं. सगळं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं त्या बाईच्या दारात पाय ठेवला नाही, तो तुमच्या पापासाठी?" तिनं पायात चपला घातल्या. "चला. आत्ताच."

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "माझंच चुकलं हो. चुलीचा नवस केला नसता, तर हे तिकडे जेवायला गेले नसते. पोरीचं लग्न माझ्या हट्टापायी मोडलं." सात-आठ वर्षं ही बाई हे उराशी धरून बसली होती! मला राहवलं नाही. पनवेलचे मामा, तो रविवार, माझं ते वाक्य, सगळं बाहेर पडलं. "वहिनी, तुमच्या नवसानं काही मोडलं नाही. मी मोडलं."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. सुनंदा खिडकीपाशी उभी होती. ती आता वाशीच्या शाळेत शिकवते. आवाज न चढवता म्हणाली, "काका, माझ्या लग्नाचं सोडा. ऐकीव गोष्टीवर मोडणाऱ्यांच्या घरात मला जायचंही नव्हतं. पण बाबा या रस्त्यावरून मान खाली घालून गेले-आले, शेवटपर्यंत. ते तुम्ही रोज बघत होता. आम्हाला बंद दाराआड सांगून काय उपयोग? आम्हाला ते पीत नाहीत हे माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

पुढच्या रविवारी सोसायटीची शोकसभा होती. तळमजल्यावर सतरंज्या टाकल्या होत्या. अध्यक्ष बोलायला उठले, आणि बोलता बोलता म्हणाले, "माणूस म्हटला की गुणदोष आलेच. एखादी सवय असते, पण आज आपण तिच्याकडे…"

मी उभा राहिलो.

"अध्यक्षसाहेब," मी म्हणालो, "ती सवय माझी होती. अण्णा तिथे जेवायला यायचे आणि मला सांभाळून घरी आणायचे. तुम्ही सगळ्यांनी गॅलरीतून जे पाहिलंत ते चुकीचं पाहिलंत, आणि मी जवळून पाहिलेलं लपवलं. सुनंदाच्या स्थळाच्या माणसाला, अण्णा पितात असं मी सांगितलं. माझ्या बायकोसमोर माझी अब्रू राहावी म्हणून." कुणीतरी "बसा हो, बसा" म्हणालं. मी बसलो नाही. बायकांच्या बाजूला वहिनी होत्या, सुनंदा होती, आणि त्यांच्या शेजारी नीलिमा. मी त्यांच्याकडे वळलो आणि हात जोडले.

"अण्णांची माफी मागायची संधी मी घालवली. वहिनी, सुनंदा, या सगळ्यांसमोर तुमची मागतो. मी खोटं बोललो. मला माफ करा."