प्लासिडने गाडीत बसवलेला माणूस

गिरीजच्या प्लासिड तुस्कानोला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्याच्या वाडीतली केळी, आणि दुसरा त्याने बनवलेला म्हातारा. सरत्या वर्षाला निरोप द्यायला वसईच्या ख्रिस्ती गावांत एकतीस डिसेंबरला पेंढ्याचा म्हातारा जाळतात. बाकीच्यांचे म्हातारे पोत्यासारखे लोळत पडलेले असत. प्लासिडचा मात्र आरामखुर्चीत पायावर पाय टाकून बसायचा. तो गुडघ्यात वाकायचा, मान कलती करायचा, आणि चेहरा असा की जाणारा-येणारा क्षणभर थबकून "काय बाबा, बरं आहे ना?" विचारायचा. शाळेत असल्यापासून प्लासिडला हा नाद. आता साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी डिसेंबर लागला की ओटीवर पेंढा, काथ्या आणि जुन्या पँटींचा ढीग पडे. त्याची बायको बेटी म्हणे, "या घरात माणसांपेक्षा पुतळ्यांना कपडे जास्त आहेत."

जानेवारी संपत आला होता. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून प्लासिडची भाची जीना नायगावहून जेवायला आली. ती इंजिनियर. महामार्गाच्या कडेला काय असावं, काय नसावं याचे जुने नियम बदलून नवे लिहायचं काम सरकारने एका समितीकडे दिलं होतं, आणि जीनाची कंपनी त्या समितीला मदत करत होती. जेवण होताच ती म्हणाली, "मामा, मला एक माणूस बनवून देशील?"

"आता? एकतीस तारीख गेली की गं!"

"जाळायला नको. गाडीत बसवायला पाहिजे."

मग तिने सगळं उलगडून सांगितलं. हायवेच्या कडेला लोखंडी पत्र्याचा लांबलचक कठडा असतो, गाडी खाली जाऊ नये म्हणून. पण तो सुरू होतो तिथलं त्याचं टोक उघडं असतं. गाडी नेमकी त्या टोकावर गेली तर पत्रा भाल्यासारखा आत घुसतो. आता नव्या धर्तीचं टोक आलं होतं. गाडी आपटली की ते पत्र्यावरून मागे सरकतं, पत्रा वाकवून बाजूला काढत जातं आणि गाडीचा वेग खाऊन टाकतं. समितीतल्या काही जणांना हा नसता खर्च वाटत होता. म्हणून वसईफाट्याच्या पुढे, रस्ता सरळ केल्यावर पडून राहिलेल्या जुन्या तुकड्यावर दोन्ही टोकांवर गाडी त्यांच्या डोळ्यांसमोर ठोकून दाखवायची होती. अशा चाचणीचे परदेशी पुतळे मोठ्या प्रयोगशाळेतच वापरतात. इथे माणसाच्या वजनाचा, माणसासारखा वाकणारा कुणीतरी सीटचा पट्टा लावून बसला, की काम होणार होतं.

"ड्रायव्हर चुकणारच," जीना म्हणाली. "त्याला डुलकी लागेल, टायर फुटेल. पण चुकला म्हणून रस्त्याने त्याचा जीव घेऊ नये, एवढंच आमचं म्हणणं."

"चुकणाऱ्याला माफ करणारा रस्ता!" प्लासिड हसला. "म्हणजे आपले फादर दर रविवारी सांगतात, तेच तू सरकारला सांगतेस."

दुसऱ्याच दिवशी तो कामाला लागला. अंगात पेंढ्याबरोबर वाळूच्या पिशव्या भरल्या, सांध्यांना दोर बांधले, मानेत जाड स्प्रिंग घातली. चेहरा रंगवताना त्याचा हात आपोआप वळत गेला, आणि झुबकेदार मिशा, बारीक डोळे, किंचित वाकडं नाक असा हुबेहूब शेजारचा स्टॅनी उतरला. स्टॅनी वाडीवाडीतली भाजी टेम्पोत भरून हायवेने बाजारात न्यायचा. पट्टा लावणं त्याला कमीपणाचं वाटे.

कुंपणावरून डोकावून स्टॅनी ओरडला, "अरे, हा मी का?"

"तू कसला! हा बघ, पट्टा लावून बसलाय."

बेटीला एवढं हसू आलं की तिला ओटीवर टेकावं लागलं. स्टॅनीने वरवर राग दाखवला, पण आपल्याच तोंडाचा माणूस गाडी ठोकतोय हे चुकवायला तो तयार नव्हता. ठरल्या सकाळी पुतळ्याला टेम्पोत बसवून त्यानेच सगळ्यांना फाट्यावर नेलं. वाटेत सिग्नलला एका रिक्षावाल्याने पुतळ्याला "अंकल, टाइम काय झाला?" विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा "किती भाव खाता!" म्हणून तो रुसून निघून गेला.

जुन्या रस्त्यावर समितीची माणसं टोप्या घालून दोरीमागे उभी होती. भंगारात काढलेली एक गाडी होती, वायररोप होता, आणि तो ओढायला लांबवर ट्रक. प्लासिडने पुतळ्याला पट्टा लावला, कॉलर नीट केली आणि मागे आला. शिट्टी वाजली. गाडी सुसाट सुटली आणि जुन्या टोकावर जाऊन आदळली.

धूळ बसल्यावर सगळे जवळ गेले. पत्रा बॉनेटमधून शिरून ड्रायव्हरच्या सीटमधून पार मागे निघाला होता. वाळू दारातून खाली झरत होती. मिशीवाला चेहरा मागच्या सीटवर उताणा पडला होता.

स्टॅनीने एकदा आत पाहिलं आणि तो टेम्पोच्या सावलीत जाऊन बसला.

परतताना प्लासिड जीनाला म्हणाला, "बाय, आता दुसरा बनवायला सांगू नकोस. मी आयुष्यभर म्हातारे जाळले, पण त्यांचं वर्ष संपलेलं असायचं. ह्याचं कुठे काय संपलं होतं?"

नव्या टोकाची चाचणी पुढच्या आठवड्यात होती. वाळूचं पोतं सीटवर ठेवून भागवू, असं जीनाने मनाशी ठरवूनही टाकलं.

दोन दिवस प्लासिडने ओटीवरचा पेंढा हलवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्टॅनी आला. हातात स्वतःची इस्त्रीची पँट आणि लग्नसमारंभाला घालायचा निळा शर्ट.

"बनव," तो म्हणाला.

"अरे, पण..."

"मेलेला पाहिला ना मी मला? आता वाचलेला बघायचाय. आणि या वेळी नाक जरा सरळ काढ."

दोघे मिळून बसले. स्टॅनी वाळू चाळून द्यायला लागला, प्लासिड भरायला लागला. बेटीने चहावर चहा केला. स्टॅनी मधूनमधून स्वतःच्या पोटावर हात ठेवायचा आणि "इथे थोडं कमी भर, मी एवढा जाडा नाही" म्हणायचा. प्लासिड ऐकत नव्हता.

दुसऱ्या चाचणीला निम्मं गिरीज हजर होतं. शिट्टी वाजली, गाडी सुटली, नव्या टोकावर आपटली. पण या वेळी आवाज निराळा आला. पत्रा करकरत वळत गेला, गाडी त्याला रेटत पुढे सरकली, हळू झाली आणि थांबली. पुढचा भाग चेपला होता, काच तडकली होती. आत निळ्या शर्टातला माणूस पट्ट्यात लटकून खाली वाकला होता, चप्पल शोधत असल्यासारखा.

प्लासिड दोरी ओलांडून धावला. कुणीतरी "अहो थांबा, थांबा!" ओरडलं. त्याने दार खेचून पुतळ्याचे हात, पाय, मान चाचपून पाहिली, आणि मागे वळून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडला, "आहे! आहे!"

स्टॅनीने शिट्टी मारली. टाळ्या पडल्या. खर्चाची सर्वांत जास्त कुरकुर करणारे समितीतले एक वयस्क गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग ओशाळून काढून घेतला.

नियमांचा मसुदा पावसाळ्याच्या तोंडावर निघाला. त्यात कठड्याची उघडी टोकं बाद झाली होती. जीनाने ते पान मोबाइलवर मामाला वाचून दाखवलं. प्लासिडला त्यातलं निम्मं कळलं नाही, तरी त्याने ते दोनदा वाचायला लावलं.

"आता पुढे पुलाच्या कठड्यांची चाचणी आहे," जीना म्हणाली. "गाडीत कुटुंब पाहिजे. बाई आणि एक मूल."

प्लासिड काही बोलायच्या आत बेटी आतून बाहेर आली. "बाईचं मी बघते," ती म्हणाली. "यांना पोलकं शिवता येत नाही. आणि केस मी सांगेन तसेच बांधायचे, नाहीतर मी हात लावणार नाही."

"अगं, तिला गाडीत बसायचंय, लग्नाला नाही जायचं."

"म्हणून काय अवतारात जायचं?"

आणि ती शिलाई मशीनवरची चादर काढायला लागली.