बसलास म्हंजी घेतलीस

"गाडीवर बसायच्या आधी सीटवर पोतं टाक," धाकला मालक म्हणला.

युरियाचं रिकामं पोतं. ओट्याच्या कोपऱ्यात पडलेलं. त्येनं ते पायानंच माझ्याकडं सरकवलं. सीट नवी हाय, डाग पडत्येत, असं कायतरी पुटपुटला. मी सकाळी अंघूळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेल्तो. माझ्या आधी शेजारच्या वाशी गावचा येक पोरगा चिखलाच्या बुटानं त्याच गाडीवर टांग टाकून बसला. दोन चकरा मारल्या, 'इचार करून सांगतो' म्हणला आन् गेला. त्येला पोतं लागलं न्हाय.

मी पोत्याला हात लावला न्हाय. आण्णानं लावला. माझ्या बापानं. पोतं उचललं, झटकलं, सीटवर हातरलं, लेकराला हातरूण घालावं तशा कडा नीट केल्या. मग माझ्याकडं बघून मान हलवली. बस म्हणून.

तवाच निघून यायला पायजे व्हतं. पर गाडीचा नाद वाईट.

मी ईट गावाच्या बाजूला पवनचक्कीच्या कंपनीत टेक्निशियन हाय. टॉवरवर चढायचं, वर पंख्याची मशीन बघायची, उतरायचं. वरनं बघितलं तर आमचा बौद्धवाडा आन् त्यांची गल्ली येकाला येक लागून दिसती. मधलं काय दिसत न्हाय. खाली आलं की दिसतं.

स्पोर्ट गाडीची हौस मला आयटीआयपासनं. ती टाकीवर वाकून चालवायची लालभडक गाडी. पगारातनं पैसं जमवलं व्हतं. नवी घ्यावी का जुनी, चार ठिकाणी बघून ठरवायचं व्हतं. आण्णाची हयात धाकल्याच्या बापाकडं सालगडी म्हणून गेली. माय अजून त्यांच्याच रानात खुरपायला जाती. आण्णाच म्हणला, धाकलं मालक गाडी इकायला काढायलेत, बघून तर ये. मी बघायलाच गेल्तो.

फाट्यापातुर गाडी नेली. खोटं कशाला बोलू, लई मजा आली. डोळ्यातनं पाणी निघालं वाऱ्यानं. बुडाखालचं पोतं इसरलो. पर सरळ रस्त्यावर हँडल जरा सैल सोडलं की गाडी डावीकडं वढायची. ब्रेक दाबला की पुढचं चाक थरथरायचं. फाट्यावर उतरून बघितलं. पुढच्या चाकाचा शॉकप वाकलेला, वरनं नवा रंग मारलेला. ही गाडी कुठंतरी चांगलीच आपटली व्हती. तिथंच ठरवलं, ही न्हाय घ्यायची. दुसरी बघू.

ठरवलं आन् येकदम हलकं वाटलं. आमच्या घरात कधी कुणी कायच पारखून आणलं नव्हतं. धाकल्याचे शाळंचे बूट मला यायचे. लहान झाले म्हणून त्येनं टाकलेले, आन् माझा पाय त्येच्यापेक्षा मोठा. बोटं दुमडून शाळंला जायचो. बसत न्हायत म्हणलं की आण्णा म्हणायचा, देत्यात ते घ्यावं. आटलेली शेळी दिली, घेतली. बुरशी लागलेलं लोणचं दिलं, घेतलं. तुला चालंल का रे, असं आमाला कुणी इचारलं न्हाय.

माघारी आलो. ओट्यावर थोरला मालक, धाकल्याचा बाप, सुपारी कातरत बसलेला, संगं गावातली दोघंतिघं. आण्णा खाली, चपला काढून उभा. म्या किल्ली पुढं केली. म्हणलं, गाडी डावीकडं वढतीया, शॉकप वाकलाय, मला नको.

धाकला हसला. "तुला नको? तुला इचारलं कुणी?"

म्या म्हणलं, चक्कर त्याच्यासाठीच मारत्यात, घ्यायची का न्हाय ते ठरवायला. त्यो हसायचा थांबला. आवाज चढवला न्हाय. शांतपणी म्हणला, "अख्ख्या गावानं तुला गाडीवर बघितलंय. आता ती कोण घेतंय? बसलास म्हंजी घेतलीस."

"व्हय मालक," आण्णा म्हणला. "घेतो त्यो."

मी पाचेक वर्सांचा असताना त्यांच्या नळावरचा पितळंचा तांब्या उचलून पाणी पिलो व्हतो. थोरल्या मालकानं त्यो तांब्या आमच्या अंगणात भिरकावला. आता तुमचाच म्हणला. माय घासून घासून वापरायची त्यो, फुकट मिळाला म्हणून. मलाबी लई दिवस वाटायचं, मी कायतरी कमवून आणलंय. भडव्या नशिबा! मला त्या ओट्यासमोर कळलं, त्यो तांब्या काय व्हता.

"मालक," म्या म्हणलं, "माझ्या मायनं तुमच्या रानातली सरी न् सरी हातानं खुरपलीय. तुमच्या ज्वारीचं कणीस न् कणीस आण्णाच्या हातातनं गेलंय. आमी शिवलं म्हंजी आमचं, तर रान कवा नावावर करून देताव?"

सुपारी कातरायची थांबली. धाकला उठला. त्येचा हात वर व्हायच्या आत माझ्या थोबाडीत बसली. आण्णाची. त्येनं मला वाचवायला मारलं, येवढं मला कळतंय. तरीबी ती चापट माझ्या मनातनं जात न्हाय. म्या किल्ली ओट्यावर ठिवली आन् चालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मायला निरोप आला, सोयाबीन खुरपायला येऊ नको. तिच्या येकटीलाच न्हाय, आमच्या वाड्यातल्या सगळ्या बायांना. वर सांगणं असं, की पोरानं गाडी न्यावी, चारचौघात माफी मागावी, मग कामं चालू.

बाया आमच्या दारात आल्या. हात जोडत व्हत्या, शिव्याबी देत व्हत्या. तुझ्याजवळ पैसं हायेत, घे की बाबा, आमच्या चुलीवर का उठलास? त्यांचं काय चुकलं? माझ्या पगारावर माझं घर चालंल, त्यांचं कशावर चालावं? मला तोंड वर करून बघवना. घरात जाऊन रडलो. रडलो म्हणून सांगायची मला लाज न्हाय.

आता त्या दुसऱ्या गावाला जात्यात. माय पुढं, बाकीच्या मागं. उजाडायच्या आत निघत्यात, पाय सुजवून येत्यात. निम्म्याजणी माझ्याशी बोलत न्हायत. माय बोलती, पर गाडीचं नाव काढत न्हाय. घे म्हणत न्हाय आन् नको घिऊ बी म्हणत न्हाय.

गाडी त्यांच्या दारात उभी हाय. धूळ बसलीय. परवा आण्णा पटका बांधून, धोतर झटकून निघाला. कुठं, म्हणलं. तर म्हणला, मालकाकडं जाऊन येतो, तुझ्या वतीनं मीच माफी मागतो, गाडी घेऊन टाकू, कशाला वाकडं?

मी दारात आडवा उभा ऱ्हायलो. आयुष्यात पयल्यांदा बापाच्या वाटंत उभा ऱ्हायलो.

"आण्णा, तुमाला पाय धरायचं असतील तर धरा," म्या म्हणलं. "पर म्या न्हाय म्हणलंय. माझ्या नावानं व्हय म्हणायचं न्हाय."