हेसेलची मान

आमचा हेसेल म्हणजे महाहट्टी माणूस. फ्रिस्लंडमधल्या आमच्या गावात तीस वर्षं पवनचक्कीवर गहू दळतोय, आणि मी बाउक्ये त्याच्याच पिठाचे पाव भाजून विकते, म्हणून बोलायचा मला हक्क आहे. चक्कीवाल्याचं निम्मं काम वर बघण्याचं: ढग, वारा, पात्यांवरचं कापड. आणि यानं मान वर केली की भोवळ! गरगर, घाम, उलटी. चार वर्षं हेच. कूस बदलली तरी पलंग फिरायचा. डॉक्टर त्याला आडवं पाडून, डोकं इकडेतिकडे वळवून कानातले सुटे खडे जागेवर बसवायचे. महिनाभर बरं, की पुन्हा तेच.

एकदा पात्यावर चढताना पडता पडता वाचला, तेव्हा त्याच्या बायकोनं, सित्स्केनं, ठणकावलं, "कानाचं ऑपरेशन कर, नाहीतर चक्की बंद!"

कानामागचं हाड कोरून आतली एक बारीक नळी हाडाच्या चुऱ्यानं कायमची बुजवायची. नळीतलं पाणी हललं नाही की भोवळही नाही. पण कान बहिरा होण्याची भीती होतीच.

"झालो बहिरा तर तुझी बडबड तरी टळेल," मला म्हणाला. मेल्याला तेव्हाही थट्टा सुचत होती!

ऑपरेशन नीट झालं, ऐकूही येत होतं. तीन आठवडे तो शहरात लेकीकडे राहिला, काठी घेऊन डुलत डुलत चालायला लागला. डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त वर बघा. पण हनुवटी छातीला चिकटलेली ती चिकटलेलीच.

"भीती बसलीय गं त्याच्या मनात," सित्स्के तिकडून फोनवर रडली. "असाच राहिला तर चक्की विकावी लागेल."

मला फार वाईट वाटलं. तो घरी यायच्या दिवशी मी ठरवलं, पाती आनंदाच्या खुणेत लावायची. आमच्याकडे थांबलेल्या पात्यांवरून गावाला बातमी कळते: पातं माथ्यावर पोचायच्या आधी, जरा उजवीकडे थांबवलं की आनंद. माथा ओलांडून डावीकडे गेलं की मयत. जन्मभर समोरच्या दुकानाच्या दारातून बघत आलेय. ब्रेकचा दोर ओढून पाती जरा फिरू दिली आणि एक बरोब्बर उजवीकडे थांबवलं. पण दोर असतो चक्कीच्या मागच्या बाजूला. समोरून बघणाऱ्याला ते डावीकडे दिसणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही!

अर्ध्या तासात निम्मं गाव काळे कोट घालून अंगणात.

"कधी गेला गं बिचारा?" शेजारीण डोळे पुसत म्हणाली.

"कोण गेला? अहो, येतोय तो!"

मी समजावतेय तोवर गाडी आलीच. सित्स्केचा हात धरून हेसेल उतरला, नजर बुटांवर. सगळीकडे काळे बूट.

"काय झालंय?" हेसेलनं विचारलं.

आणि त्यानं मान मागे टाकली, पार मागे, टोपी पडेपर्यंत, आणि पात्यांकडे बघितलं. सित्स्केनं त्याला धरायला दोन्ही हात पुढे केले.

तो तसूभरही हलला नाही.

"कोण मेलंय?" तो ओरडला.

"हेसेल," सित्स्के रडत रडत म्हणाली, "अरे, तू वर बघतोयस!"

"मग पाती काय खाली बघून दिसणार?" तो म्हणाला, आणि मान खाली घ्यायलाच तयार होईना.